पहिला इंच, दुसरा इंच

गुरुजींनी माझ्या कोटेशनमधल्या एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि समासात लिहिलं, "का?" चौथीत माझ्या गणिताच्या वहीतही ते असंच लिहायचे, उत्तर बरोबर असलं तरी. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न मला लातूरच्या एका तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर, जोत्यापर्यंत आलेल्या त्यांच्याच घरात उभं राहून सोडवायचा होता.

२०२४ चा मे महिना. सकाळचे दहा वाजले होते, तरी जोत्यावर पाय टेकवत नव्हता. गुरुजी, काकू, मी आणि गुत्तेदार असे चौघं लिंबाच्या सावलीला, आणि पुण्याहून गुरुजींचा मुलगा फोनच्या स्पीकरवर. हजार चौरस फुटांचं एकमजली घर, चौरस फुटाला दोन हजार धरून वीस लाखांचं. पेन्शनर माणसाने आयुष्यात एकदाच बांधायचं घर. त्यात मुलाने आदल्या आठवड्यात एक यादी पाठवली होती: दुहेरी काचेच्या, यूपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडक्या, छतावर दोन इंच फोमचा थर, तीन किलोवॅटचं सोलर, दोन फाइव्ह स्टार एसी. वरचा खर्च साडेचार लाख.

"पोरी," गुरुजी म्हणाले, "हे सगळं कायद्याने करावंच लागतं का?"

नाही, करावं लागत नाही. घरांसाठी केंद्राची ऊर्जाबचतीची इको-निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली, पण ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी होती. गुरुजींचा प्लॉट एकशे चाळीसच्या आत. म्हणजे निर्णय पूर्ण आमचा. तरीही मी ती संहिता छोट्या घरालाही समोर ठेवते, कारण कुठे किती करायचं याचा एक आकडा तरी तिच्यातून हाताला लागतो. छतासाठी ती म्हणते, यू व्हॅल्यू १.२ च्या वर नको. एक चौरस मीटर छतातून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, जितके वॅट उष्णता आत येते ती यू व्हॅल्यू. आपला साधा पाच इंची उघडा स्लॅब ३.३ च्या आसपास असतो. म्हणजे मर्यादेच्या पावणेतीन पट.

"मग छत बघू," गुरुजी म्हणाले. "आधी बाकीचं वजा कर."

खिडक्या मी लगेच वजा केल्या. मुलाला वाईट वाटलं, पण माझं मत ठाम होतं. दुहेरी काच कामाची कधी, तर खिडकी दिवसरात्र बंद ठेवून आत एसी चालवायचा असेल तेव्हा. आपल्याकडे रात्री दहानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार होते आणि तेव्हा खिडकी सताड उघडायची असते. उघड्या खिडकीला काच एक असली काय आणि दोन असल्या काय! ऊन काचेवर पडूच द्यायचं नाही, हे त्याहून स्वस्त. पश्चिमेची मोठी खिडकी लहान केली, तिच्यावर दोन फुटी छज्जा काढला, जिना मुळातच पश्चिमेला घेतलेला होता. एक लाख चाळीस हजारांच्या जागी पंधरा हजार.

भिंतींवर फार बोलणं झालं नाही. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्यांचे हलके सिमेंटचे ठोकळे, आणि लाल वीट, दोन्हींचा खर्च इथे हिशेबाअंती जवळपास सारखा आला. ब्लॉकचं वजन विटेच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि उष्णता अडवण्यात तो नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा दुपटीहून सरस. "त्यात खिळा धरत नाही म्हणतात," काकू म्हणाल्या. साधा खिळा धरत नाही, प्लग मारावा लागतो. देवघराच्या भिंतीला विटा घालू, असं ठरलं.

सोलर नंतर. गुरुजींचा वापर महिन्याला एकशे वीस युनिट. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे तेवढ्यातच भागतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून तीन किलोवॅट घ्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय पॅनेल पाच वर्षांनीही बसवता येतं. आत्ता फक्त स्लॅबमधून पाइप सोडून ठेवायचा. जे नंतर जमतं ते नंतर करावं आणि जे स्लॅब पडल्यावर कधीच जमत नाही त्यावर आत्ता भांडावं, ही माझी पद्धत. मुलगाही याला लगेच हो म्हणाला.

राहिलं छत. लाल गोल तिथेच होता.

आमच्याकडे गच्चीवर चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक, हे ठरलेलं. लोक म्हणतात, कोब्याने घर गार राहतं. मी तसाच कोबा धरला होता आणि त्याशिवाय फोमचा जास्तीचा खर्च दाखवला होता: एक इंच एक्सपीएस, म्हणजे कडक फोमचं शीट घातलं तर ३५ हजार, दोन इंच घातलं तर ६० हजार. गुरुजींनी विचारलं, प्रत्येक थराने काय मिळतं? मी लिहून दाखवलं. स्लॅब आणि कोबा, २.३. त्यात एक इंच फोम घातला तर ०.८. दोन इंच, ०.५.

त्यांनी वही फिरवून घेतली. "पहिल्या इंचाला पस्तीस हजार, आकडा दीडने उतरला. दुसऱ्या इंचाला पंचवीस हजार, उतरला फक्त शून्य पूर्णांक तीन. तुझी संहिता तर पहिल्याच इंचात पास होते. मग दुसरा इंच का?"

फोनवरून मुलगा म्हणाला, "दादा, शीट एकदाच पडणार आहे. आणि एसीचं बिल बघा. ताई, पेबॅक सांगा ना."

पेबॅक, म्हणजे घातलेला खर्च किती वर्षांत वसूल होतो, तो मी मांडला आणि माझाच हात अडखळला. एक एसी, उन्हाळ्याचे तीन महिने, रात्री आठ तास, धरा सातआठशे युनिट. महावितरणचा दर तेव्हा शंभर युनिटच्या पुढे जवळपास दुप्पट व्हायचा आणि तीनशेच्या पुढे अडीच पटीहून जास्त, हे धरूनही फोमने वर्षाला वाचतात तीनचार हजार. साठ हजारांची वसुली व्हायला पंधरा ते वीस वर्षं. गुरुजींनी तेव्हाच पासष्टी ओलांडली होती. आणि खरी गोष्ट अशी, की गुरुजींच्या घरात एसी नव्हताच, ते घेणारही नव्हते. एसी नसेल तर बचत शून्य, आणि वसुली कधीच नाही. कागद सांगत होता, काहीच करू नका.

मला तो कागद खोटा वाटत होता, पण खोट कुठे आहे ते सांगता येईना. "संध्याकाळी तुमच्या घरी येते," एवढंच म्हणाले.

गुरुजी तेव्हा भाड्याने राहत होते, वरच्या मजल्यावर. रात्री नऊला मी तापमापी बंदूक घेऊन गेले. बाहेर ३३ अंश. बंदूक छताकडे धरली, तर ४१. सूर्य मावळून दोन तास झाले होते आणि स्लॅब दुपारचं ऊन आत्ता कुठे खाली सोडत होता. पंखा तीच हवा अंगावर आणून टाकत होता. कूलर बंद होता. का, तर पाणी नाही. लातूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर. उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि मोठा कूलर दिवसारात्रीत शंभर लिटर सहज पितो. काकू म्हणाल्या, "कूलरला घालू का भांडी घासू?"

गुरुजींच्या आई, पंच्याऐंशीच्या पुढच्या, जिन्याच्या पायरीवर पदराने वारा घेत बसल्या होत्या. रोज रात्री एक-दीडपर्यंत तिथेच बसतात, मग आत येतात. मुलाच्या तक्त्यात एसीचे युनिट होते, सबसिडी होती, व्याजाचा दरसुद्धा होता. आजींची पायरी नव्हती. जो गारवा विकत घेतो त्याचीच बचत त्या तक्त्यात धरता येते. जो उकाडा सोसतो त्याच्या नावावर बचत शून्य. सकाळी अडखळले होते ते इथे.

गुरुजींना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आजीच बोलल्या. आम्ही छताबद्दल बोलतोय एवढं त्यांनी ऐकलं होतं.

"लेकरा, वर काही टाकू नका. लई वजन होतं."

या घराने किल्लारीच्या भूकंपात धाकटी सून आणि एक नातू गमावलेत. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. आमच्या भागातली माळवदाची घरं उन्हाळ्यात किती गार असत हे जुनी माणसं अजून सांगतात: जाड दगडी भिंती, सागवानी तुळया, वर दीड-दोन फूट पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून माणसं दर साली मातीचा नवा थर चढवत. दोन फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास एक टन. ती माती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर लोकांनी पत्रा नाहीतर स्लॅब असं दोनच जाणलं, आणि उकाडा सोसला.

मी गाडीतून एक्सपीएसचा नमुना आणला. दोन इंच जाड, दोन बाय दोन फुटांचा, फिकट निळा. आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो एका हाताने उचलला, उलटा केला, अंगठ्याने दाबला, कानाजवळ नेऊन टिचकी मारली.

"हे तर वाऱ्यानं उडून जाईल की."

"नाही आजी, याच्यावर कोबा येतो ना. चार इंच."

"मग त्या कोब्याचं वजन?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या डोक्यात कोबा गृहीत होता. तो सगळेच घालतात, म्हणून त्याचं वजन मी कधी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. चौरस मीटरला एकशे नव्वद किलो. गुरुजींच्या गच्चीवर सतरा-अठरा टन. आणि त्याच्या बदल्यात मिळतं काय? मी तिथेच, पायरीवर बसून आकडेमोड केली. चार इंच कोबा जेवढी उष्णता अडवतो तेवढी चार मिलिमीटर फोम अडवतो. चार मिलिमीटर! गार राहतं म्हणून आपण जो वर चढवत होतो तो उष्णतेच्या दृष्टीने जवळजवळ नुसता भार होता.

कोब्याचं खरं काम उताराचं आणि पाणी अडवण्याचं. स्लॅब अजून पडायचा होता, म्हणजे उतार स्लॅबलाच देता येणार होता. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर शीट, त्यावर गाळणीचं कापड, वर जाळी घालून दोन इंच काँक्रीट आणि चायना मोझॅक. वजन सहा-सात टनांनी कमी.

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत मी फार कडक आहे. माझ्या पहिल्या अशा कामात मी शीटच्या सांध्यांवर आणि पाण्याच्या तोंडावर नीट लक्ष दिलं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात गळती सुरू झाली, पाणी कुठून येतंय ते शेवटपर्यंत सापडेना, आणि मालकाला अख्खा थर उखडावा लागला. चूक माझी होती. तेव्हापासून वर काहीही टाकण्याआधी गच्चीत तीन दिवस पाणी तुंबवून ठेवते आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहिते. लातुरात ते पाणी टँकरचं असतं, तरीही.

गुरुजींनी वही मागितली. कोबा रद्द केल्याने किती वाचतात? वॉटरप्रूफिंगचा वाढीव खर्च धरून वीस हजार. दुसऱ्या इंचाचे किती? पंचवीस. त्यांनी वजाबाकी केली, पाच हजार, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. समासातल्या "का?"ला त्यांनी उत्तर लिहिलं नाही, फक्त बरोबरची खूण केली.

एसी यादीतून गेले. चार पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, पंच्याहत्तर वॅटच्या जागी तीस वॅटचे, रात्रभर चालतात म्हणून. साडेचार लाखांचे शेवटी लाखाच्या आत आले.

स्लॅबच्या दिवशी आजी हट्टाने प्लॉटवर आल्या आणि खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसल्या. सळईच्या जाळीकडे बोट करून गुत्तेदाराला दोनदा विचारलं, "लोखंड पुरं घातलंस ना रे?" त्याने दोन्ही वेळा उठून, टेप लावून दाखवलं.

२०२५ च्या मे महिन्यात मी पुन्हा रात्री नऊला बंदूक घेऊन गेले. बाहेर ३३, छत ३५. मुलगा पुण्याहून आलेला होता. त्याने विजेची बिलं काढून ठेवली होती. वापर भाड्याच्या घरात होता तेवढाच, पाचदहा युनिट इकडेतिकडे. "ताई, तक्त्यात काहीच दिसत नाही," तो म्हणाला. गुरुजींनी त्याला हाताने गप्प राहायची खूण केली. आतल्या खोलीत आजी झोपल्या होत्या.

निघताना काकूंनी माठातलं पाणी दिलं. माठावर झाकण म्हणून तो फिकट निळा तुकडा होता, सुरीने गोल कापलेला.