लिओनिडात आम्हाला नुसतं भटकू द्या

रॉकस्टार कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या व्हिडिओ गेम मालिकेचा नवा भाग, जीटीए सहा, आधी २०२५ मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ ला, आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली. या लांबणीचा मला राग नाही. घाई केली की काय होतं ते आपण २०२१ मध्ये पाहिलंय. मालिकेतल्या तीन जुन्या गेम्सची नवी आवृत्ती आली, तर चेहरे विचित्र आणि पाऊस असा की रस्ता दिसेना. रॉकस्टारला जाहीर माफी मागावी लागली. त्या तिघांत आमची व्हाइस सिटीही होती, त्याच नावाच्या काल्पनिक शहरात घडणारी.

आमची म्हणतो, कारण नाशिकच्या सायबर कॅफेत आम्ही पोरं त्या शहरात लहानाची मोठी झालो. पॅन्झर हा चीट कोड टाइप केला की समोर रणगाडा! रिमोटच्या हेलिकॉप्टरने अर्धवट बांधलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचं मिशन कुणी लावलं, की अख्खा कॅफे त्याच्या खुर्चीमागे गोळा व्हायचा. पण मला लळा लागला तो मिशनचा नाही. गाडी घ्यायची, तिच्या रेडिओवर फ्लॅश एफएम लावायचं आणि ओशन बीचवरून उगाच फिरत राहायचं. शहर एवढंसं, त्यामुळे गल्ली न् गल्ली पाठ. सुरुवातीला वादळाच्या इशाऱ्यामुळे पूल बंद असायचे आणि पलीकडचं बेट नुसतं लांबून दिसायचं. ते कधी एकदा उघडतंय, ही ओढ मला नंतरच्या कुठल्याच मोठ्या नकाशाने लावली नाही.

आता तेच शहर जीटीए सहामध्ये लिओनिडा या काल्पनिक राज्यात परत येतंय. पहिल्या ट्रेलरची सुरुवातच तुरुंगातल्या लुसियापासून आहे. ती आणि जेसन ही यातली दोन मुख्य पात्रं, आणि मला जेसनपेक्षा तिचीच उत्सुकता जास्त आहे. मात्र मालिकेच्या लेखनाचा कणा असलेले डॅन हाउझर २०२० मध्ये कंपनी सोडून गेले. संवादांना ती धार राहील का, ही धाकधूक आहेच.

खरी भीती ऑनलाइनची, म्हणजे इंटरनेटवर इतरांसोबत खेळायच्या भागाची. जीटीए चारला २००९ मध्ये दोन स्वतंत्र कथा मिळाल्या. २०१३ च्या पाचला, म्हणजे त्यातल्या मायकल, फ्रँकलिन, ट्रेवर या नायकांना, पुढे एकही मिळाली नाही. इतक्या वर्षांत जे काही नवं आलं ते ऑनलाइनमध्येच, जिथे खऱ्या पैशाने खोटे डॉलर विकत मिळतात. एकट्याने खेळणाऱ्याला मागे टाकलं गेलं ते तिथेच. लुसिया-जेसनच्या वाट्याला हे येऊ नये, एवढीच मनापासून इच्छा आहे. नकाशा लहान असला तरी चालेल. पण त्यात कामाशिवाय हिंडणाऱ्यालाही काहीतरी सापडलं पाहिजे.

शिवाय जाहीर झालाय तो फक्त पीएस पाच आणि एक्सबॉक्स सिरीज या गेमिंग कन्सोलसाठी. आपल्याकडे बहुतेकांनी ही मालिका पीसीवरच खेळली, आणि जीटीए पाच पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडला होता. तेवढा दम माझ्याकडे नाही. पुण्यात मावसभावाकडे पीएस पाच आहे. त्याला सांगून ठेवलंय, तारीख टिकली तर त्या आठवड्यात रजा टाकून येतोय, दुसरा कंट्रोलर चार्ज करून ठेव.