कडबाकुट्टी
सांगलीत मुलांचा डॉक्टर म्हणून बसतोय त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे सहावं बोट घेऊन आलेलं पोर काही नवीन नाही. बहुतेकदा ते करंगळीच्या बाजूला लोंबतं, सर्जनकडे पाठवायचं, विषय संपला. पण तासगावकडची ही केस अजून डोक्यातून जात नाही.

२०२३ चा सप्टेंबर, द्राक्षाची छाटणी तोंडावर. आई-बाप, आजी-आजोबा आणि मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. दोन्ही हातांना अंगठ्याच्या बाजूला जादा बोट, आणि खरा अंगठाही अंगठ्यासारखा नाही, बोटासारखा लांबट. मी काही विचारायच्या आतच आजी सुरू, "किती सांगितलं वो हिला, ग्रहण हाय, विळीला हात लावू नगं. ऐकलं न्हाई. चिरला कोबी." सून खाली मान घालून बसलेली.

ते ग्रहण २५ ऑक्टोबर २०२२ चं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं, हिला तेव्हा सातवा महिना. म्हटलं आजी, बोटं पोटात दुसऱ्या महिन्याच्या शेवटालाच सुटी झालेली असतात, सातव्यात कोबी चिरला काय नि भोपळा काय. पटलं नाही. त्यात त्यांनी दुसरीकडे जीन्सची महागडी तपासणी, एक्झोम, आधीच करून घेतलेली, रिपोर्ट क्लीन. "बघा, रक्तात काय न्हाई, मंजे ग्रहणच." आता एक्झोममध्ये प्रथिनं बनवणारा भागच वाचतात, तो सगळ्या डीएनएच्या जेमतेम दीड-दोन टक्के, बाकीच्यात घोळ असला तर त्यात सहसा दिसतच नाही, एवढं साधं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला खरंच राग आला.

मग म्हटलं, सगळ्यांनी हात टेबलावर ठेवा. आजीचे ठीक, सुनेचे ठीक. बापाचे अंगठे बघितले तर लांबट, आणि दोन पेरांच्या जागी तीन पेरं! तिशीतला माणूस, आयुष्यात कधी मोजलीच नव्हती. आजोबांचे हात मात्र टोपीखाली. काढायला लावले तर अंगठ्याजवळ जुना व्रण. "कडबाकुट्टीत गेलं," आजोबा म्हणाले. मी काही बोललो नाही, पण व्रण दोन्ही हातांना होता, अगदी एकाच जागी, आणि कडबाकुट्टी काय एवढं माप घेऊन कापत नाही.

पुण्याच्या एका जेनेटिक्सवाल्या मित्राला फोन केला, तो लगेच म्हणाला झेडआरएस बघ, म्हणजे बोटांचा जीन चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा. रक्त द्यायला आजोबाच पहिले पुढे आले. महिन्याभराने रिपोर्ट आला, बाळ, बाप, आजोबा तिघांत त्या तुकड्यातलं डीएनएचं तेच एक अक्षर बदललेलं.

आता हे सांगायचं कसं? जीनचं नाव सोनिक हेजहॉग, व्हिडिओ गेमवरून ठेवलेलं, ते मी काढलंच नाही. एवढंच सांगितलं की बोटं कुठली नि किती हे ठरवणारा एक जीन आहे, सातव्या गुणसूत्रावर, तो तुमच्यात एकदम ठणठणीत. बिघडलाय त्याचा स्विच. आठशेएक अक्षरांचा तुकडा, जीनपासून दहा लाख अक्षरं लांब, तेही दुसऱ्याच एका जीनच्या पोटात. २००३ मध्ये एडिंबराच्या लोकांनी शोधला. पोटात हाताचा कोंब फुटतो तेव्हा हा स्विच फक्त करंगळीच्या बाजूला लागतो, तुमच्यात अंगठ्याकडेही लागला. सापांत हा स्विच मोडलाय, २०१६ ला सापाचा स्विच उंदरात बसवून बघितला तर पिल्लांचे पाय खुरटले, हेही सांगितलं. त्यावर आजोबा जरा सरसावून बसले.

"पर डॉक्टर, दहा लाख अक्षरं लांबनं मोटर चालू व्हती कशी?"

मी कागदावर रेघा मारायला लागलो, काही जमेना. पेशीच्या केंद्रकात, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जागेत, दोन मीटर डीएनए घडी घालून बसलेला असतो वगैरे वगैरे. आजोबा मधेच म्हणाले, "मंजे ठिबकची नळी. बागंत पसरली तर ह्यो टोक हितं नि त्यो पार बांधाला. गुंडाळून ठिवली की दोन्ही एकाला एक लागत्यात." इतकी वर्षं कॉन्फरन्सा केल्या पण इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. वर पुढचा प्रश्न, "आन सुतळी कोण बांधतंय?" म्हटलं, त्यालाही प्रथिनं आहेत, कोहेसिन नावाचं कडं नळीचा फास ओढत नेतं आणि सीटीसीएफ नावाचं दुसरं प्रथिन जिथं बसलंय तिथं ते सहसा अडतं. सुतळी चुकीच्या जागी पडली तर भलत्याच जीनला भलता स्विच लागतो, बर्लिनवाल्यांनी २०१५ मध्ये दाखवलंय, त्यातही बोटंच बिघडतात. तुमची सुतळी नीट आहे, स्विचच जरा हलका झालाय.

पुढच्या बाळालाही निम्मा चान्स, हे सुनेला नीट सांगितलं. तिने फक्त विचारलं, "मग माझ्याकडनं काहीच नाही ना?" नाही म्हटलं, तुझ्याकडून काहीच नाही.

खोलीत जरा शांतता. मग आजोबाच म्हणाले, व्रणाकडे बघत, "आमच्या म्हातारीनं घोड्याचा केस बांधून पाडलं व्हतं. दोन्हीकडचं."

आजींनी त्यांचा हात ओढून पालथा केला, उलटा केला, पुन्हा पालथा केला.

"कडबाकुट्टी व्हय?" म्हणाल्या. "चाळीस वर्सं?"