किचनसाठी प्लाय घ्यायला गेलो होतो
आज अख्खा दिवस पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये. जुना सिंकखालचा प्लाय पाच वर्षांतच फुगून त्याचे पापुद्रे सुटले, कमर्शियल, म्हणजे पाण्यात न टिकणारा साधा प्लाय निघाला तो, म्हणून यावेळी सुतारकाकांना सोबतच नेलं. काकांनी शीटची कड बोटाने चाचपून दाखवली, आत पोकळी असली की स्क्रू धरत नाही म्हणाले, आणि आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघितल्याशिवाय सिंकजवळ काही लावायचं नाही. बेडरूमच्या कपाटाला एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा प्लाय चालतो, तिथे मरीनचे पैसे कशाला घालवायचे. ढाच्याला १८ एमएम, ड्रॉवरला १२, पाठीला ६. पुस्तकांच्या फळ्यांना मी १२ म्हणत होतो, तर काका म्हणाले अहो तीन फुटी फळी आहे, मधे झोल येईल, मग १८ च घेतला. संध्याकाळी शीट घरात आल्या, आई किती वेळ कडेवरून हात फिरवत होती.