तोकेलाऊची शून्य टक्के शेतजमीन

निरनिराळ्या देशांच्या जमीनवापराचे तक्ते चाळत बसणे हा माझा जुना आणि बहुधा निरुपयोगी छंद आहे. परवा प्रशांत महासागरातील तोकेलाऊ या चिमुकल्या द्वीपसमूहाच्या ओळीपाशी मी अडखळलो. लागवडीयोग्य जमीन ० टक्के, आणि शेजारच्याच रकान्यात कायमस्वरूपी पिकांखालील जमीन ६० टक्के. जिथे पेरायला वीतभरही जागा नाही, तिथे निम्म्याहून अधिक जमीन पिकांखाली कशी?

गोम व्याख्येत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबात लागवडीयोग्य जमीन म्हणजे जिच्यात हंगामी पिके, तात्पुरती कुरणे किंवा भाजीपाल्याचे मळे आहेत, अथवा जी पाच वर्षांहून कमी काळ पडीक ठेवली आहे अशी जमीन. नारळासारखी वर्षानुवर्षे उभी राहणारी झाडे निराळ्या रकान्यात जातात. एखाद्या जमिनीत काय पिकू शकेल याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. तिच्यात सध्या काय चालले आहे, एवढेच तो सांगतो. ६० हा आकडाही मला जरा जास्तच गोल वाटतो, आणि शेजारच्या तुवालूच्या ओळीतही ० आणि ६० हीच जोडी दिसते, तेव्हा हे मोजणीपेक्षा अंदाजाचे काम असावे.

अर्थात शून्य अगदीच खोटे नाही. न्यूझीलंडच्या अखत्यारीतील हा प्रदेश म्हणजे अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन कंकणाकृती प्रवाळबेटे. तिन्ही मिळून जमीन जेमतेम १२ चौरस किलोमीटर, वस्ती दीड हजाराच्या आसपास, आणि विमानतळ नसल्यामुळे सामोआतील आपियाहून एक दिवसाहून अधिक काळ बोटीने प्रवास. मधल्या खाजणाभोवती लहान लहान बेटांची माळ पसरलेली असून ती समुद्रसपाटीपासून फार तर पाचेक मीटर उंच आहेत. माती म्हणावी तर ती प्रवाळांचा चुरा: पाणी धरून न ठेवणारी, चुन्याने भरलेली, आणि त्या चुन्यामुळे लोहासारखी द्रव्ये पिकांच्या मुळांना मिळू न देणारी. नदी किंवा ओढा एकही नाही. नारळ, फणसाच्या कुळातील नीरफणस आणि केवड्याची भावंडे तेवढी तग धरतात.

मला खरा रस आहे तो पुलाका या पिकात. अळूच्या कुळातील या वनस्पतीची पाने माणसाच्या उंचीला मागे टाकतात आणि खाली पिठूळ कंद धरतो, जो बराच वेळ शिजवल्याशिवाय घशाला खाजतो. ती लावण्यासाठी प्रवाळवाळूत खोल खड्डा खणतात, इतका खोल की तळाशी गोडे पाणी लागावे. हे पाणी पावसाचेच असते. जमिनीत मुरून ते जड खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत राहते. मग त्या खड्ड्यात पालापाचोळा थरावर थर टाकून कुजवला जातो. जिथे माती नाही तिथे माती तयार करण्याचा हा उद्योग आहे, आणि तो करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांची मेहनत तक्त्यातील एका शून्यात विरून जाते, हे मला खटकते.

हे भिंग मात्र नाजूक असते. २००५ मध्ये पर्सी चक्रीवादळाने बेटांवरील अन्नपिकांचे मोठे नुकसान केले. वादळी लाटांचे खारे पाणी अशा खड्ड्यात शिरले, की पुढे भरपूर पाऊस होऊन मीठ धुऊन निघेपर्यंत तो वाया जातो. पाऊसच न झाला तर काय होते, ते २०११ साली दिसले. त्या ऑक्टोबरमध्ये पिण्याच्या पाण्यासाठीच आणीबाणी जाहीर करावी लागली.

पुलाकाचा कंद काढताना तो कापून घेतात आणि वरचा पानांचा शेंडा त्याच खड्ड्यातील चिखलात पुन्हा रोवतात. नवा कंद पोसायला वर्षे लागतात. तोवर खड्डा पडीक नसतो, नांगरलेलाही नसतो आणि हंगामीही नसतो. त्याला नेमक्या कोणत्या रकान्यात बसवावे, याचा विचार मी अजून करतो आहे.