काळी टिकली

"अगं, दिवा विझवलास की काय?" मायक्रोस्कोपच्या आयपीसवरून (वरच्या भिंगावरून) डोळा न काढता आईने विचारलं.

दिवा चालूच होता. तिच्याच पाकिटातली मोठी काळी टिकली पारदर्शक प्लास्टिकवर मधोमध चिकटवून मी कंडेन्सरखाली (दिव्याचा उजेड गोळा करणाऱ्या खालच्या भिंगाखाली) सरकवली होती. डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करायची झडप) पूर्ण उघडा, लेन्स 10एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी. सरळ येणारा उजेड अडला, कडेचा तिरका तेवढा पाण्यातल्या जीवांवर पडला; मागे काळोख, चमकत होते फक्त ते.

"अगं बाई! हे चांदण्यात पोहतायत!"

कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यातले पॅरामेशियम, एकपेशीय जीव. मघाशी पांढऱ्याभक्क उजेडात तिला धड दिसतही नव्हते.

40एक्सला मात्र मागचा काळोख गेला. टिकली लहान पडली. (आता रुपयाएवढी कापायची, काळ्या कागदाची.)

आणि मी तीन महिने 100एक्सच्या ऑइल लेन्ससाठी (तेलाचा थेंब लावून वापरायच्या) पैसे साठवतेय.

तुम्ही आधी काय घेतलं असतं, लेन्स की टिकलीचं पाकीट?