निरोपाला कोण कोण आलं

शनिवार, 24 जानेवारी 2026

आज आमच्या हायस्कूलमध्ये दहावीचा निरोप समारंभ झाला. घरी येईपर्यंत काळोख पडला होता. पाय भरून आलेत, पण डोक्यात जे चाललंय ते आजच लिहून काढायला हवं.

मी दहावीची वर्गशिक्षिका. गेला आठवडाभर मुलं मला एकच विचारत होती, "मॅडम, गणिताचे सर येतले मा?" जेवणात काय आहे, शाळा चालवणाऱ्या मुंबईच्या मंडळाकडून पाहुणे कोण येणार, याची चौकशी कुणी केली नाही. गणिताचे सर आता आमच्याकडे नाहीत. पट घसरला, मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्या संचमान्यतेत एक पद गेलं, सर अतिरिक्त ठरले आणि समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेताना, दोडामार्गकडे गेले. या मुलांना आठवी-नववी त्यांनीच शिकवली होती. दोडामार्गहून आमच्या देवगड तालुक्यात यायचं म्हणजे सावंतवाडी, कणकवली करत एसटी बदलायच्या. फोन केला तेव्हा "बघतो" म्हणाले होते.

सर आले. पाहुण्यांचं भाषण संपलं होतं, नववीच्या मुली वाढायच्या गडबडीत होत्या. दारात सर दिसले आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला, कुणी सांगावं लागलं नाही. मुख्याध्यापक त्यांना वर व्यासपीठावर बोलवत होते. सर गेले नाहीत. मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसले. थोड्या वेळाने एक मुलगा दप्तरातून वही काढून त्यांच्याजवळ सरकला. "सर, माका स्पर्शिका जमणा नाय." बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची ती रचना. सरांनी त्याचा कंपास हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "ह्येचो स्क्रूच ढिलो आसा रे." नखाने स्क्रू आवळला, वहीच्या मागच्या पानावर केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडला, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढला, मध्यबिंदूवर टोक रोवून दुसरं वर्तुळ फिरवलं. दोन वर्तुळं जिथे छेदली तिथून स्पर्शिका. मग ते पान पालटून कंपास मुलाकडे दिला आणि म्हणाले, आता तू. पहिल्यांदा पेन्सिल घसरली. दुसऱ्यांदा जमली. शेजारी भात गार होत होता आणि दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

शिक्षक निरोपाला का यायला हवेत, हे मला कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी हेच सांगेन.

न येण्याची कारणं खोटी नसतात, हे मला ठाऊक आहे. जानेवारी सरता सरता ज्युनियर कॉलेजवाल्यांच्या मागे बारावीची प्रात्यक्षिकं लागतात. कुणाच्या गळ्यात निवडणुकीचं काम असतं. शनिवारची शाळा सुटली की लांबच्या शिक्षकांना घरची गाडी गाठायची असते, आणि आमच्याकडे एक एसटी चुकली की पुढची कधी, ते सांगता येत नाही. तरीही मला वाटतं, या एका दिवसाला बाकी सगळं मागे ठेवावं. कारण यानंतर ही मुलं आणि त्यांचे शिक्षक असे सगळे एकत्र पुन्हा कधीच येत नाहीत. 20 फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा. आमचं केंद्र दुसऱ्या गावच्या शाळेत, वर्गावर पर्यवेक्षक अनोळखी. मे महिन्यात निकाल लागतो तेव्हा शाळेला सुट्टी असते. जूनमध्ये एकेक मूल येतं, ऑफिसात सही करतं, गुणपत्रिका आणि दाखला घेतं आणि जातं. वडील बाहेर बाईक चालू ठेवूनच उभे असतात.

निकालाच्या दिवशी सगळीकडे कोकण बोर्डाचं कौतुक होतं. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, कोकण विभाग 98.82 टक्क्यांनी राज्यात पहिला आला, राज्याचा निकाल 94.10 टक्के होता. मला त्याचा अभिमान आहे. पण ते टक्के ज्यांच्या हातून घडले, त्यातले कितीतरी जण त्या मुलांच्या निरोपाला नसतात, आणि बरेचदा आपण त्यांना बोलावलेलंच नसतं.

आज हे फार जाणवलं ते एका मुलीच्या मनोगतामुळे. पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवून ती म्हणाली, पहिलीत मी रडायचे तेव्हा बाई मला मांडीवर घेऊन पाटीवर हात धरून गिरवायला लावायच्या. या बाई वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत होत्या. आमची बहुतेक मुलं तिथे सातवीपर्यंत शिकून आठवीत आमच्याकडे येतात. म्हणजे सात वर्षं त्यांची, तीन आमची, आणि गुलाबाचं फूल फक्त आम्हाला. त्या बाई आज गावातच आहेत, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त झाल्या. घर शाळेपासून चालत पाच मिनिटांवर. त्यांना निमंत्रण गेलं नव्हतं. आमच्याकडे तशी पद्धतच नाही.

आणि आमचे शिपाईमामा! पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की या मुलांना हात धरून साकवावरून पलीकडे पोचवणारे तेच. आज ते दिवसभर खुर्च्या लावत आणि पाणी भरत होते. फोटोच्या वेळी मुलांनीच त्यांना ओढून मधे उभं केलं. मुलांना कळतं, कोणाला मधे घ्यायचं ते. आम्हा मोठ्यांचा सगळा वेळ मात्र व्यासपीठावरच्या खुर्च्यांचा क्रम ठरवण्यात जातो.

सोमवारी प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन आहे, सगळा स्टाफ आणि संस्थेचे स्थानिक पदाधिकारी असतील. त्याच वेळी हा विषय काढणार आहे. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणात वाड्यांवरच्या प्राथमिक शाळांचे आजी-माजी शिक्षक आणि बदलून गेलेले आमचे शिक्षक, सगळ्यांची नावं हवीत. यादी मी करीन. समारंभ सकाळी ठेवायचा, म्हणजे लांबून येणाऱ्यांना दुपारच्या गाडीने परतता येईल. भाषणं दोनच. आणि शिक्षकांच्या खुर्च्या खाली, मुलांच्या मधे. संस्थेला व्यासपीठ रिकामं ठेवणं पटणार नाही, हे दिसतंच आहे. तिथे पाहुणे बसू देत.

बाईंकडे मात्र पुढच्या वर्षाची वाट बघत थांबणार नाही. ती मुलगी उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर त्यांच्या घरी येते म्हणालीय. आणखी चौघी-पाचजणी तयार आहेत.