आमची वाटचाल : बॅटरीवरच्या उपकरणांना नीट झोपवताना

सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एकाच तक्रारीची कामं यायची: बॅटरी टिकत नाही. वायरलेस उपकरण दुसऱ्याच कोणी डिझाइन केलेलं, सेल वर्षभर पुरेल असं सांगून विकलेलं, आणि काही महिन्यांत बंद पडलेलं. आमचं स्वतःचं उत्पादन तेव्हा नव्हतं. याच कामांवर कंपनी उभी राहिली. आजही नवा इंजिनिअर आला की आधी हेच काम त्याच्या हाती देतो.

हिशेब साधा आहे. सीआर२०३२ या नाण्याएवढ्या चपट्या सेलमध्ये साधारण २२० मिलिअँप-अवर असतात आणि वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला की सरासरी २५ मायक्रोअँप वाट्याला येतात. सेन्सर, रेडिओ, गळती, सगळं त्यातच भागवायचं. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) चिप डीप स्लीपला, म्हणजे जवळजवळ सगळं बंद ठेवून झोपलेली असताना, दोनच मायक्रोअँप घेते असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. खर्च होतो तो चिपच्या आजूबाजूला. एका बोर्डवर बॅटरीचा व्होल्टेज मोजण्यासाठी १००-१०० किलोओहमचे दोन रेझिस्टर थेट सेलवर जोडलेले होते. तीन व्होल्टला १५ मायक्रोअँप, अहोरात्र. म्हणजे वर्षाला १३१ मिलिअँप-अवर, निम्म्याहून जास्त सेल, आणि मोजणी दिवसातून एकदा! आम्ही मध्ये एक मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, टाकला. मोजायच्या क्षणापुरतीच ती वाट उघडते. रेग्युलेटरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) स्वतःचा खर्च आणि कशालाही न जोडता तरंगत सोडलेल्या इनपुट पिन हे नेहमीचे बाकीचे चोर.

हे चोर पकडायला साधा मल्टिमीटर अपुरा पडतो. मायक्रोअँपच्या रेंजवर ठेवला की चिप जागी होऊन रेडिओ चालू होताच मीटरमध्येच व्होल्टेज पडतो आणि बोर्ड रीसेट होतो. मिलिअँपवर ठेवला तर झोपेतला करंट दिसतच नाही. म्हणून जागा मोठी करण्याआधी आम्ही आपोआप रेंज बदलून करंटचा आलेख काढणारं उपकरण घेतलं. माझ्या मते कंपनीची ती सर्वांत चांगली खरेदी.

पुढे स्वतःचे सेन्सर बनवू लागलो आणि कामाची पद्धतच बदलली. आता पहिल्याच बैठकीत ग्राहकाला विचारतो: किती उशीर चालेल? दार उघडल्याची बातमी लगेच जायला हवी, पण दारावरच्या सेन्सरला आपण पाठवलेली सेटिंग तासाभराने पोचली तरी बिघडत नाही. तो निवांत झोपतो, दार हललं की पिनवर येणाऱ्या इंटरप्टने, म्हणजे जागं करणाऱ्या इशाऱ्याने, उठतो. पाण्याच्या व्हॉल्व्हचं उलट, तिथे आपला हुकूम त्याच्यापर्यंत पोचायला हवा. लोरावॅन या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओ नेटवर्कमधलं क्लास ए प्रकारचं उपकरण स्वतः काही पाठवल्यानंतरच वेळेच्या दोन छोट्या खिडक्यांत ऐकतं. ते दर १५ मिनिटांनी बोलत असेल, तर हुकूमही १५ मिनिटं थांबू शकतो. हे आम्ही कोटेशनमध्येच लिहून देतो. त्यामुळे काही कामं हातची गेली, तरी ही ओळ काढलेली नाही. तातडीनं प्रतिसाद आणि वर्षानुवर्षं चालणारा छोटा सेल, दोन्ही एकदम मागणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

ब्लूटूथ लो एनर्जीत, म्हणजे ब्लूटूथच्या कमी विजेच्या प्रकारात, हीच तडजोड कनेक्शन इंटरव्हलमध्ये, म्हणजे दोन उपकरणं किती वेळाने एकमेकांशी बोलतात त्यात, दिसते: सहसा ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत. इंटरव्हल लांबवला की झोप वाढते, पण घड्याळ चांगलं लागतं. ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा क्रिस्टल, म्हणजे घड्याळाला अचूक ठेका देणारा वेगळा भाग, वाचवून चिपमधल्या ढोबळ ऑसिलेटरवर (ठेका देणाऱ्या सर्किटवर) भागवलं, तर वेळ चुकू नये म्हणून रिसीव्हर लवकर चालू करावा लागतो आणि वाचवलेला करंट तिथेच जातो. आमच्या बोर्डवरचा क्रिस्टल म्हणून कधीच वगळला जात नाही.

सध्या थंडीत चालणाऱ्या उपकरणांवर काम सुरू आहे. गारठ्यात कॉइन सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि प्रक्षेपणाच्या झटक्याला व्होल्टेज एकदम खाली येतो. त्यामुळे सेन्सरचं वाचन आणि रेडिओ आम्ही एकाच वेळी चालू ठेवत नाही, आणि बॅटरी निवांत असताना न मोजता प्रक्षेपण चालू असतानाच मोजतो. अर्धे वापरलेले सेल घातलेले बोर्ड त्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवले आहेत. नव्या फर्मवेअरची (चिपमधल्या प्रोग्रामची) चाचणी त्यांच्यावरच चालते.